वन्सं, तुम्ही देवी नव्हतात

प्रिय वन्सं,

पत्रात आधी प्रकृती विचारायची रीत आहे. तुमच्या बाबतीत ती आता सोडून द्यावी लागणार. तुम्ही जाऊन महिना होत आला. लगेच लिहायला हवं होतं, पण लिहायला निमित्त लागतं, आणि ते मला परवा मिळालं.

परवा वाचनालयात तुमची शोकसभा झाली. पहिल्या वक्त्याने तुम्हाला देवी केलं, दुसऱ्याने त्यागमूर्ती. शेवटी आपले वकीलसाहेब उभे राहिले. त्यांनी तुम्हाला 'वैधव्याच्या अग्नीत उजळून निघालेली समई' केलं. आगीत घातलेली समई उजळते की वितळते, हे कोणी विचारलं नाही, कारण सगळे रुमाल शोधण्यात गुंतले होते. आपली कुंदा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, हे आत्याबद्दल बोलतायत की देवळाबद्दल?"

एवढ्या भाषणांत 'नर्स' हा शब्द एकदाही आला नाही. तुम्ही एक काम शिकलात, ते शिकताना नापास होता होता वाचलात आणि पुढे ते उत्तम केलंत, हे कोणालाच सांगावंसं वाटलं नाही. देवीला नापास कोण करणार? म्हणून आता मी सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहेच, पण तुमच्याबद्दल खरं बोलायला सध्या तुमच्याशिवाय कोणी मिळत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात. माझी पहिली दोन बाळंतपणं देवरुखला माहेरी झाली. मुलगे घेऊन परतले तेव्हाही तुम्ही स्वयंपाकघरातच. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या बाईला लाल आलवण, बोडकं डोकं आणि एक चूल दिली की तिला आणखी काही लागत नाही, असा आपल्या नातलगांचा ठाम समज होता. घरातलं कोणी चांगल्या कामाला निघालं की तुम्ही आपणहून दाराआड व्हायचात. कोणाला सांगावं लागत नसे. वहाणा वाजल्या की तुमचं पाऊल मागे. मी नवी असताना मला वाटायचं, आपली नणंद फार लाजरी आहे. हा गैरसमज तुम्ही तोंड उघडल्यावर लगेच दूर झाला.

मग गावात बायकांचं इस्पितळ निघालं. तिथे शिकाऊ नर्सा हव्यात अशी बातमी साप्ताहिकात आली, आणि तुमच्या बंधूंनी ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. विनोद म्हणून, बरं का. "घ्या, आता बायकाही नोकरीला," म्हणून हसलेसुद्धा. तुम्ही भात वाढत होतात.

"बाळू, तिथे भेटायचं कोणाला असतं?" तुम्ही विचारलंत.

त्यांना असा ठसका लागला की पाणी प्यायला दोन्ही हात लागले.

"आक्का, लोक काय म्हणतील?"

"लोक आजारी पडले की माझ्याकडेच येतील. तेव्हा सावकाश ऐकून घेईन. आमटी वाढू?"

त्या दिवशी आमटी नेहमीसारखीच झाली होती, हे मला फार आवडलं. मोठे निर्णय घेणारी माणसं मीठ विसरतात, असं मी तोवर ऐकून होते.

इस्पितळात मेट्रन होत्या मार्थाबाई. नगरकडच्या ख्रिस्ती. आवाज असा की बंदरातल्या आगबोटीने भोंगा वाजवायला लाजावं. पहिल्याच दिवशी त्यांनी तुमच्यापुढे पांढरी साडी आणि पांढरी टोपी ठेवली. साडी तुम्ही नेसलात. टोपी टाचण्यांनी केसांत अडकवायची असते. मार्थाबाई टाचणी हातात धरून तुमच्या डोक्याभोवती फिरल्या.

"ही लावू कशात?"

"तुम्हीच बघा," तुम्ही म्हणालात. "डोकं आहे, एवढं मी सांगू शकते."

पंधरवडाभर ती टोपी कधी कानावर, तर कधी रोग्याच्या पेजेत. शेवटी मार्थाबाईंनी फर्मान काढलं की टोपी टिकेल एवढे केस हवेतच. त्यानंतर आपला न्हावी नेहमीसारखा आला, तर तुम्ही त्याला ओसरीवरूनच परत पाठवलंत. घरातल्या थोरल्या काकूंनी केवढा आकांत केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काकू, मला काय हौस आहे? इस्पितळाचा हुकूम आहे. टोपी पडत्ये." इतके सुधारक व्याख्यानं देऊन थकले, त्यांना जे जमलं नाही ते या गावात एका टाचणीने केलं. काकूंना हुकूम म्हटलं की पुढे बोलता येत नसे.

तुमच्या अभ्यासाने घराची काय दैना झाली, ते आठवतं का? हाडांची नावं तुम्ही आरतीच्या चालीवर म्हणायचात, आणि माझे मुलगे टाळ्या वाजवायचे. पट्ट्या बांधायचा सराव आधी फणसावर झाला. फणसाला गुडघा नसतो म्हणून मग तुमच्या बंधूंवर. एका रविवारी तुम्ही त्यांच्या जबड्याला पट्टी बांधली, ती टाळूवरून हनुवटीखाली अशी घट्ट की त्यांना 'हूं' एवढंच म्हणता येई. नेमके शेजारचे दामूकाका आले.

"अरे, हे काय? कोर्टात मारामारी झाली?"

"हूं," तुमचे बंधू म्हणाले.

"बोलू नकोस रे, जबडा मोडलाय," तुम्ही दरडावलंत, आणि पट्टीला आणखी एक वेढा दिलात.

संध्याकाळपर्यंत बातमी मांडवी बंदरापर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले, तर कोणी त्यांच्याशी बोलेना. त्रास होऊ नये म्हणून. ते आजही म्हणतात की त्यांच्या नोकरीतला तो सगळ्यात सुखाचा दिवस.

पण एक गोष्ट तुम्ही मला हसत नाही सांगितलीत. सुरुवातीला रोग्याला हात लावला की तुम्ही विहिरीवर जाऊन अंघोळ करायचात. दिवसात कितीदा तरी. मार्थाबाईंनी काही दिवस बघितलं आणि एकदा विहिरीपाशीच गाठलं. म्हणाल्या, "यमुनाबाई, पाणी तेवढंच वापरा, पण वेळ बदला. शिवल्यावर नका धुऊ, शिवायच्या आधी धुवा." तुम्ही घरी येऊन तिन्हीसांजेला पायरीवर बसलात आणि मला म्हणालात, "रमे, जन्मभर मी सोवळं पाळलं ते मला कोणाचं काही लागू नये म्हणून. ही बाई म्हणत्ये, तुझं रोग्याला लागू नये म्हणून पाळ. सगळं उलटं करून नेसायचं गो." मी तोवर साप्ताहिकात सोवळ्यावर पुष्कळ टिंगल लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य या वाक्याच्या पासंगाला पुरलं नसतं, आणि ते तुमच्या तोंडचं म्हणून मला छापताही येईना. अशी चिडले होते मी.

आता नापास होण्याची गोष्ट.

बाळंतिणींच्या खोलीत तुमचं सगळं चोख. पाणी उकळलेलं, कात्री तयार, फडकी घड्या केलेली, बाईला धीर देणं, कंबर दाबणं, काही कमी नाही. आणि मूल यायचं त्याच क्षणी तुम्ही पाठ फिरवायचात. थेट भिंतीकडे तोंड. शेजारच्या नर्सला धावून येऊन मूल धरावं लागे. एकदा झालं, पुन्हा झालं, दर वेळी होऊ लागलं. मार्थाबाईंनी विचारलं, रक्ताची भीती वाटते का? रक्त तुम्ही रोज धूत होतात. मग त्यांनी निकाल दिला. "बाई चांगल्या आहात. स्वयंपाकही येतो म्हणे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जागा रिकामी आहे, तिथे रहा."

वन्सं, तुम्ही त्या दिवशी घरी येऊन आठळ्या सोलत बसलात. आपल्या चुलीपुढून उठून आपल्या पायाने चालत गेलेल्या बाईला जगाने फिरवून दुसऱ्या चुलीपुढे बसवायचं ठरवलं होतं, फक्त ही चूल मोठी होती. मला तेव्हा दिवस भरत आले होते. मी समोर पाय पसरून बसले आणि विचारलं, "पाठ का फिरवता?"

तुम्ही हातातली आठळी खाली ठेवलीत. "जन्माला येणाऱ्याने पहिलं तोंड माझं बघावं? कोणाच्या पोराचं असं कशाला करू?"

मी हसले नाही. मला सगळ्याचं हसू येतं असं लोक म्हणतात, तेव्हा हे नोंदवून ठेवा. इस्पितळात तुम्हाला कोणी दाराआड व्हायला सांगितलं नव्हतं. दार तुम्ही स्वतःबरोबर नेलं होतंत.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडी करून मार्थाबाईंकडे गेले आणि कारण सांगितलं. मला वाटलं, त्या विरघळतील. त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं. पण कारण कळलं म्हणून मूल झेललं जात नाही. भीतीने पाठ फिरवा नाहीतर पुण्याने, मूल खालीच पडतं. पुढचं बाळंतपण त्या करतील. नाही जमलं तर स्वयंपाकघर."

"पुढचं बाळंतपण कोणाचं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "बहुतेक तुमचंच दिसतंय."

घरी मी जाहीर केलं की या वेळी माहेरी जाणार नाही, इस्पितळात जाणार. तुमचे बंधू म्हणाले, आपल्यात बायका इस्पितळात बाळंत होत नाहीत. मी म्हटलं, पुरुष तर कुठेच होत नाहीत, तेव्हा यात तुमचा अनुभव नको.

तो दिवस तुम्ही कधी पुन्हा बोलून दाखवला नाहीत. मीच बोलते. दुपारची वेळ होती. डॉक्टरीणबाई बाहेरगावी गेल्या होत्या. मार्थाबाई हाताची घडी घालून खिडकीशी उभ्या, आणि त्यांनी इतर नर्सांना खोलीत येऊच दिलं नाही. तुम्ही हात धुतलेत, कोपरापर्यंत. मी कळांनी बेजार होते, तरी माझं सगळं लक्ष तुमच्या मानेवर.

"वन्सं," मी ओरडले, "पाठ फिरवलीत तर बघा हं. मी मूल बाहेर येऊच देणार नाही."

"गप पड."

"तुमचं तोंड मी इतकी वर्षं रोज सकाळी उठून बघत्ये. मला काय झालं? दोन मुलगे आहेत आणि जीभ शाबूत आहे."

"तुमच्या जिभेला काही होत नाही," खिडकीशी उभ्या मार्थाबाई म्हणाल्या. "कळ आली की जोर लावा."

कळ आली. तुमची मान वळू लागली. मला तुमचा कान दिसला, कानामागचे नवे वाढलेले केस दिसले. आणि मी, जिला कधी शब्द कमी पडले नाहीत, ती काही बोलूच शकले नाही. मान तिथेच थांबली. मग हळूहळू परत आली.

पुढचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"बाई, आता जोर लावू नका. अजिबात हालू नका. तोंडाने श्वास घ्या."

बाई! मला! जिला तुम्ही लग्न झाल्यापासून 'रमे' शिवाय हाक मारली नव्हतीत, तिला तुम्ही अहोजाहो करत होतात. मी इतकी चकित झाले की खरोखरच हालले नाही. नाळेचा वेढा मुलीच्या गळ्याला पडला होता, हे मला नंतर कळलं. तो भिंतीकडे तोंड करून दिसला नसता. तुम्ही बघितलात, बोट घातलंत, वेढा डोक्यावरून काढलात. आणि कुंदा आली, थेट तुमच्या हातांत. आधी निळसर होती म्हणे. तुम्ही तिला उलटी धरून पाठ चोळलीत, आणि ती जी रडली ती तुमच्या तोंडाकडे बघत.

"मुलगी," तुम्ही म्हणालात. "नाक, डोळे, बोटं जागच्या जागी. आवाज आईवर गेलाय."

मार्थाबाईंनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. "वार नीट पडली का बघा, नर्स," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या. पण वन्सं, तोवर त्या तुम्हाला यमुनाबाई म्हणत होत्या. आठवड्याभरात स्वयंपाकघरासाठी दुसरी बाई आली. तिची आमटी तुमच्यासारखी नव्हती, असं ऐकते. असू दे.

त्यानंतर तुम्ही बदललात, आणि गावाला ते फार जड गेलं. वकीलसाहेब खटल्याला निघाले की वाटेत विधवा आडवी आली म्हणून घरी परतायचे, हे सगळ्यांना माहीत. एकदा तुम्ही समोरून आलात. ते थांबले, चडफडले, मागे वळले. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभं राहून हाक मारलीत, "अण्णा, परत चाललाच आहात तर सूनबाईंना इस्पितळात पाठवा. पायाला सूज आल्ये तिच्या, परवा बघितली मी." सून आली, वेळेवर आली म्हणून वाचली. नातू झाला. तोही पहिलं तोंड तुमचंच बघून आला, आणि अजून धडधाकट आहे. परवा शोकसभेत पेढे नाहीत म्हणून रुसला होता.

मांडवीच्या खलाशांच्या बायका, भोवतालच्या खेड्यांतल्या कुणबिणी, सगळ्या तुमच्या हाताखालून गेल्या. तुम्ही त्यांच्यावर ओरडायचात. फार ओरडायचात, वन्सं. देवी इतकं ओरडत नाहीत. एका सासूने मुलाच्या जिभेवर गूळ ठेवायला बोट पुढे केलं, तर तुम्ही तिला म्हणालात, "आधी बोट मला दाखव." मी टोपणनावाने साप्ताहिकात लिहिते हे घरात फक्त तुम्हालाच ठाऊक होतं. एकदा वाचून म्हणालात, "तू लोकांच्या जखमा उघडत्येस, मी बांधत्ये. चालू दे दोघींचा धंदा." माझ्या लेखनाची याहून बरी परीक्षा कोणी केलेली नाही.

शेवटच्या तापातही तुम्ही रोगी म्हणून काही नीट वागला नाहीत. लांज्याची गोदू, तुमच्यासारखीच लहानपणी विधवा झालेली, नव्यानेच शिकायला आलेली, थर्मामीटर घेऊन आली. तुम्हाला धड डोळे उघडवत नव्हते. तरी म्हणालात, "आधी झटक. मग लाव." ते तुमचे शेवटचे शब्द नव्हेत, पण वकीलसाहेबांनी सभेत सांगितलेल्या 'राम' पेक्षा मला ते जास्त खरे वाटतात.

आता एक तक्रार. ती मेल्या माणसाकडे करायची नसते, पण जिवंतपणी तुम्ही ऐकून घेतली नाहीत. कुंदाच्या बारशाला घर भरलं होतं. जिने तिला जगात आणली ती कुठे म्हणून बघते, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराआड. मी हाक मारली, तुम्ही मान हलवलीत. इस्पितळात तुम्ही नर्स होतात, तिथे तुमचं तोंड शुभ होतं. उंबरठा ओलांडून घरात आलात की पुन्हा आलवणातल्या आक्का. पुढेही तसंच. गावातली निम्मी पोरं तुमच्या हातांत जन्मली, आणि त्यांतल्या एकाच्याही पाळण्याला तुमचा हात लागला नाही. मी भांडले, टोचून बोलले, रुसले. या एका बाबतीत तुम्ही मला पुरून उरलात. का हो? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडेलसं वाटत नाही.

मार्थाबाई काल घरी आल्या होत्या. आता वाकल्या आहेत, भोंगा मात्र तसाच. म्हणाल्या, "तुमची ती गोदू. काल मूल आलं आणि हिची पाठ भिंतीकडे. मला वाटलं, यमुनाबाई परत आली." मग त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसत राहिल्या. त्यांना रुमाल शोधावा लागला नाही, पदराने भागलं.

तर वन्सं, ऐका. आपल्या मोठ्याच्या बायकोचे दिवस भरत आले आहेत. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच, इस्पितळात, तुमच्या त्या बाळंतिणींच्या खोलीत. मी मार्थाबाईंशी बोलून ठेवलं आहे. मूल गोदू झेलेल. मी तिच्याजवळ उभी असेन, आणि तिची मान वळू लागली तर काय बोलायचं ते मला पाठ आहे. आणि बाराव्या दिवशी गोदू आपल्या घरी येईल, ती माजघरात सगळ्यांच्या मधे बसेल, आणि पाळण्याच्या दोरीला पहिला हात तिचा लागेल. काकूंच्या वयाच्या ज्या कोणी बाया त्यावर काही बोलतील, त्यांचं मी बघून घेईन. माझी जीभ अजून पेन्शनीत निघालेली नाही. तुम्हाला बसवता आलं नाही; तिला बसवीन. हे मी तुम्हाला लिहून देते.

मुलगा की मुलगी, ते कळवीनच.

तुमची भावजय, आणि एका दुपारपुरती तुमची पेशंट,
रमा